दोन मिनिटांची मारामारी

१ सप्टेंबर, सोमवार. दुपारी.

ही डायरी लेकीच्या फॅक्टरीतली. गेल्या वर्षीची आहे, पण पानं कोरी. वरची छापलेली तारीख खोडायची आणि आपली घालायची. लेक तिथे पॅकिंगवर सुपरवायझर आहे. सकाळी साडेसहाला जाते, संध्याकाळी सातला येते. जावई ट्रक चालवतात, पंधरा दिवसांनी दिसतात. म्हणजे घर माझ्यावर आणि आमच्या ह्यांच्यावर. हे लिफ्ट दुरुस्त करायचे. आता रिटायर. आयुष्यभर लिफ्टच्या खड्ड्यात एकटे काम करत राहिले, त्यामुळे बोलायची सवय नाही. आणि तिसरी भिंगरी, माझी नात. सहा वर्षांची. एका जागी उभी राहत नाही म्हणून भिंगरी.

मी फार शिकलेली नाही. चौथीत शाळा सुटली. बाईंचं म्हणणं मी त्यांच्या हाताला चावले. मी चावले नव्हते, दात लागला होता. ते जाऊ दे.

लिहायचं कारण असं. परवा भिंगरीला दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं. तीन दाढा किडलेल्या निघाल्या. त्या भरताना भिंगरीने तिथल्या मदतनीस बाईच्या हातातल्या ट्रेला अशी लाथ मारली की कापूस, आरसे, चिमटे सगळं भिंतीवर. पायात काय ताकद आहे पोरीच्या. मला हसू आलं, मी खोकले. डॉक्टरीण म्हणाली, सकाळी दोन मिनिटं आणि रात्री झोपायच्या आधी दोन मिनिटं, मोठ्या माणसाने शेजारी उभं राहून घासून घ्यायचं. एक कार्ड दिलं. ऐंशी चौकोन, चाळीस दिवसांचे. घासलं की फुली मारायची. अकरा ऑक्टोबरला परत बोलावलंय.

घरी चपला काढता काढता लेक म्हणाली, आई, अकरा तारखेला दात स्वच्छ निघाले नाहीत तर मी हिला फॅक्टरीजवळच्या पाळणाघरात घालणार. सकाळी माझ्याबरोबर जाईल, शाळा सुटली की तिथेच, सातला माझ्याबरोबर घरी. तिथे रांगेत उभं करून घासून घेतात.

म्हटलं घाल. खुशाल घाल. आख्खी तुला वाढवली मी, दोन मिनिटं काय घेऊन बसलीस. आणि माझे दात बघ म्हटलं, बत्तीसच्या बत्तीस. म्हणजे होते. आता एकवीस आहेत. ह्यांचा एकही नाही, खालीवर कवळी.

ठरवलं आहे. मारायचं नाही, ओरडायचं नाही, सगळं प्रेमाने. आठ दिवसांत सवय लागते. उरलेले बत्तीस दिवस आराम.

२ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७.१०

चावली.

७.४०

अंगठ्याला फडकं बांधून लिहितेय, अक्षर तिरपं येतंय. प्रेमानेच घेतलं होतं. मांडीवर बसवून गोष्ट सुरू केली. गोष्टीतल्या राजाने जांभई दिली, तशी तिनेही दिली, की मी ब्रश आत घातला. तिने दात मिटले. ब्रश निसटला, अंगठा आत राहिला. मी तिचं नाक दाबलं. तिने माझा अंबाडा धरला. दोघी गोल फिरत बेसिनपासून न्हाणीपर्यंत गेलो. हे गालाला साबण लावून दारात उभे. विचारतात काय, तर कोणाला सोडवू.

पण ठसा काय सुरेख उमटलाय. वरचे सहा, खालचे सहा, गोल, मापात. आमच्या घराण्यात इतके सरळ दात कोणाचे नाहीत. शेजारणीला मुद्दाम जाऊन दाखवला. ती म्हणाली इंजेक्शन घ्या. लोकांना कौतुक म्हणून करता येत नाही.

हे चावणं कुठून आलं कळत नाही. जावयांकडचं असणार.

ब्रश तोंडात गेला होता हे खरं. फुली मारली.

४ सप्टेंबर, गुरुवार. रात्री ८.२०

प्लास्टिकचा मग उडाला. मी वाकले. हे वाकले नाहीत. कपाळावर टेंगूळ, चष्म्याची एक काच गेली. भिंगरी म्हणाली, मी आजीला मारत होते, आजोबा मध्ये का आले. हेही म्हणाले, बरोबर आहे तिचं.

नंतर टूथपेस्टची ट्यूब पायाखाली फुटली. आख्खी. फरशीवरून मी सरकले आणि बादलीत बसले. भिंगरी इतकी हसली की तोंड आपोआप उघडलं. तेवढ्यात चार वेळा ब्रश फिरवला. खालच्या बाजूला. बहुतेक खालच्या.

फुली.

एक नवीन युक्ती सुचली. घासायच्या आधी एक टॉफी द्यायची. नंतर दिली तर दात परत खराब होतात, एवढं मलाही कळतं. आधी दिली की घासायला काहीतरी असतं. नाहीतर पोरीला वाटतं, स्वच्छच आहेत तर घासायचे कशाला. टॉफ्या पिठाच्या डब्यात ठेवल्यात, खोल.

७ सप्टेंबर, रविवार

लेकीची सुट्टी. तिने सकाळी भिंगरीला घासायला नेलं. मी दाराबाहेर थांबले, म्हटलं आता ओरडा ऐकू येईल, आता काहीतरी फुटेल. काही फुटलं नाही. दोन मिनिटांनी दोघी बाहेर, तोंडाला पेस्टचा वास. लेक म्हणाली, एवढंच तर आहे आई, आधी मी माझे घासते, मग ती तिचे घासते.

आईसमोर पोरं नाटक करतात. आजीशी खरं वागतात. जीव असेल तिथेच माणूस हात उचलतं.

९ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी

आज भिंगरी विचारते, आजी तू कधी घासतेस. म्हटलं तू उठायच्या आधी. म्हणाली, मग आता माझ्यासमोर घास.

आता खरं सांगायचं तर मला घासायची गरज पडत नाही. लहानपणी बोटाने मीठ लावायचो, ते इतकं पक्कं बसलंय की अजून पुरतंय. डावीकडे खाली जरा थंडी शिरली आहे, त्यामुळे मी उजवीकडेच चावते, पण ती हवेमुळे. शिवाय ब्रश लागला की ती थंडी जास्तच शिरते. म्हणून मी आपली दार लावते, नळ सोडते, ब्रश ओला करते, बाहेर येते. सगळ्यांचं समाधान होतं.

आजही तेच केलं. भिंगरी बाहेर थांबली होती. मी बाहेर आले तशी ती आत गेली. दार लावलं. नळ सुटला. दोन मिनिटांनी बाहेर. एकटी. ना लाथ, ना चावा. मी ब्रशला हात लावून पाहिला, ओलाचिंब. डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवस म्हटलं होतं, नवव्या दिवशी लागली सवय.

फुली जरा मोठी मारली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ६.४५

लेकीने निघता निघता भिंगरीचं तोंड हुंगलं. तीन दिवस ओला ब्रश दाखवतेय ही, म्हणाली, आणि तोंडाला कालच्या ब्रेडचा वास. कोणाकडून शिकली हे. मी चहा गाळत होते. गाळण्यातून चहा गळायला बराच वेळ लागतो.

जाताना म्हणाली, आई, पाळणाघराचा फॉर्म मी आणून ठेवलाय.

८.००

युद्ध. दुसरा शब्द नाही. मी तिला मागून पकडून बेसिनपाशी उभं केलं. तिने बेसिनला पाय लावून मला मागे रेटलं. माझी पाठ दाराला, दार बंद, माझं बोट दारात. सोडवलं. तिने साबणाची डबी आरशावर फेकली. आरसा वरून खालपर्यंत तडकला. आता त्यात दोन भिंगऱ्या दिसतात आणि दोघीही घासत नाहीत. मी चिडून दाराला लाथ मारली. दाराला काही झालं नाही. अंगठ्याचं नख मुळापासून हललं. त्याच भरात मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. नव्हता घालायचा. तिने वळून मला दोन घातले. नेम उत्तम.

मग दोघी न्हाणीच्या उंबऱ्यावर दमून बसलो. ती माझ्या कुशीत शिरली आणि म्हणाली, आजी, आपण उद्या परत भांडू हं. आता सांगा, पाळणाघरात हिच्याशी कोण भांडणार. रांगेत उभं करतील. पोर आतल्या आत वाळेल.

फुली मारली नाही. मग मारली. झटापट दोन मिनिटांपेक्षा जास्त चालली होती.

१५ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ५

दुपारी घरभर रक्त. घाबरायचं कारण नाही, आनंदाचं आहे.

हे जेवून आडवे होण्याआधी कवळी काढतात आणि नळाखाली धुऊन पेल्यात ठेवतात. आज भिंगरीने ते बघितलं. आधीही बघितलं असेल, पण आज तिच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणाली, आजोबांना किती सोपं आहे, काढायचे, धुवायचे, लावायचे. माझेही काढून द्या. म्हटलं तुझे निघत नाहीत. म्हणाली, हा हलतो की. पुढचा एक दुधाचा दात चार दिवस हलतोय.

मी कपडे वाळत घालायला गेले. परत येते तो भिंगरी ह्यांची हत्यारांची पेटी उघडून बसलेली. हातात पक्कड. लिफ्टच्या तारा वळवायची. तोंडातून रक्त, शाळेचा शर्ट लाल, आणि पक्कडीच्या टोकाला दात, तांदळाएवढा. रडत नव्हती. नळाखाली धरून धूत होती. मग तो परत बसवायला लागली. बसेना, तेव्हा रडली. मी मध्ये गेले तर पक्कड माझ्या मनगटावर बसली. निळं पडलंय.

हे उठले, पक्कड घेतली, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली बनियनच्या आत टाकली. पंचेचाळीस वर्षांत त्यांना इतक्या जोरात चालताना मी पाहिलं नव्हतं.

पण मुद्दा लक्षात घ्या. पोरीने स्वतःहून, कोणी न सांगता, दात धुतला. एकच का असेना.

फुली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज पहाटे अंथरुणातच युक्ती सुचली. हाताला सवय लागली की तोंडाला लागते. हाताला सवय लावायची तर ज्या दातांना लाथा मारता येत नाहीत अशा दातांवर लावावी. ह्यांची कवळी.

ह्यांना म्हटलं, सकाळ-संध्याकाळ दोन मिनिटं दात द्या. ते नाही म्हणाले. म्हटलं, पोर पाळणाघरात जाईल मग बसा दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत. त्यांनी पेला पुढे सरकवला.

२० सप्टेंबर, शनिवार

दृष्ट लागेल असं चाललंय. घड्याळ लावून दोन मिनिटं, एक सेकंद कमी नाही. वरून खाली, खालून वर, आतून, बाहेरून, मागच्या दाढांत कोपऱ्यात. डॉक्टरणीने सांगितलं होतं तस्सं. पहिल्या दिवसापासून हिला सगळं पाठ होतं.

कवळीशी बोलते पण. आ कर. आ कर म्हणते ना. नाक दाबू का तुझं. पाळणाघरात टाकीन. आणि मग कवळीला एक चापट. मी पिठाच्या डब्यावर बसून हसत असते. कोणाचं ऐकून शिकली देव जाणे.

सकाळी एक फुली, रात्री एक. आता घासणं झालं म्हणजे झालं, कोणाचे हा प्रश्न पुढचा. कार्डावर कुठे लिहिलंय कोणाचे म्हणून. मी दोन वेळा वाचलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

फॅक्टरीत माल पाठवायची घाई आहे. लेक नऊ-साडेनऊला येते, पोर झोपलेली असते. सकाळीही ती झोपेत असतानाच जाते. हुंगायला वेळ नाही.

हे जेवताना थांबून थांबून खातात. विचारलं तर म्हणाले, खरखरीत लागतंय. कवळी बघितली तर भिंगरीने ब्रश सोडून भांड्याची तारेची घासणी घेतली होती, वर भांड्याची पावडर. हिरड्या सोलवटल्यात बिचाऱ्यांच्या. रुमालाला रक्त. पण चमक अशी आहे की त्यांचं लग्नातलं हसू आठवलं.

भिंगरीला रागावले. तर म्हणाली, मग तूच म्हणाली होतीस ना, काळं राहिलं तर मला पाळणाघरात नेतील. घासणी लपवली. पिठाच्या डब्यात.

३० सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७.३०

वरची कवळी गेली. दोन तुकडे.

भिंगरीचं म्हणणं, कवळीने मला चावलं. दोन्ही कवळ्या एकात एक घालून ती त्यांना आ करायला लावत होती, त्या निसटल्या आणि बोट मध्ये सापडलं. मग हिने वरचीला धरून बेसिनच्या कडेवर आपटलं. एकदा नाही, तीनदा. मी मोजलं. चावतेस, चावतेस, चावतेस म्हणत. बेसिनचाही टवका उडाला. तिच्या कोपराचा धक्का लागून माझा ओठ फुटला. बेसिनमध्ये माझं रक्त, पेस्टचा फेस आणि ह्यांचे पुढचे चार दात.

हे आले. तुकडे उचलले, एकमेकांना लावून बघितले, खिशात ठेवले. नवी व्हायला तीन आठवडे. तोवर दुधात ब्रेड. मी म्हटलं, रागावलात का. ते काहीतरी बोलले, पण वरचे दात नसल्यामुळे मला कळलं नाही. चांगलंच बोलले असतील.

भिंगरीला समजावलं, कोणी चावलं तरी आपण मारायचं नाही. चावणारं माणूस मलाही चालत नाही.

खालची शिल्लक आहे. त्यावर चालू ठेवू. दोन फुल्या.

५ ऑक्टोबर, रविवार

लेकीला आज सुट्टी मिळाली. दुपारभर झोपली. उठून कार्ड बघितलं, भिंतीवर लावलंय मी. एकोणसत्तर फुल्या. दोनदा मोजल्या तिने. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्यामागे उभी राहिली. म्हणाली, आई, मला वाटलं नव्हतं. फॉर्म मी अजून भरला नाही, मला पण नको आहे गं तिला तिकडे ठेवायला. दिवसभर परक्या ठिकाणी. आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. पॅकिंगच्या गोंदाचा वास येतो तिच्या केसांना.

सांगावंसं वाटलं. पण काय सांगणार, सगळं छानच चाललंय.

संध्याकाळी ब्रेड खाताना काहीतरी टणक लागलं. खडा असेल म्हणून काढला, तर दात. माझा. स्वतःहून आला, मी काही बोलावलं नव्हतं. वीस राहिले. वीस मोजायलाही सोपे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ऐंशीवी फुली. हिरव्या पेनने.

डावा गाल जरा फुगलाय. तोंडात मोठा बटाटा धरल्यासारखा. उद्याला लेकीसाठी आणि भिंगरीसाठी चांगल्या साड्या-फ्रॉक काढून ठेवलेत. डॉक्टरीण नक्की विचारेल, कसं जमवलंत. काय सांगायचं ते पाठ करून ठेवलंय. संयम आणि प्रेम.

११ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी

सगळं ओळीने लिहिते.

गेलो. डॉक्टरीण कार्ड बघून म्हणाली, ऐंशीपैकी ऐंशी, असं कार्ड मला आजवर कोणी आणलं नाही. लेक माझ्याकडे बघून हसली. त्याच वेळी भिंगरीने विचारलं, आजी, आजोबांचे दात आणायचे राहिले ना. मी म्हटलं, गप बस राणी. ती म्हणाली, मग डॉक्टरांना दिसणार कसे, खालचे मी रोज घासलेत.

मला वाटलं आपण जरा बाथरूमला जाऊन यावं.

परत आले तो काय. भिंगरी खुर्चीत, तोंड उघडं, आणि तोंडभर लाल. दात लाल, जीभ लाल, ओठांवरून ओघळ. मदतनीस बाई तिच्या डोक्याशी उभी. माझं डोकं फिरलं. पर्स फिरवली आणि तिच्या कानशिलात घातली. पर्समध्ये घरची मोठी किल्ली होती. बाई ट्रेवर पडली. पुन्हा कापूस, पुन्हा आरसे, पुन्हा चिमटे.

रक्त नव्हतं. ती एक गोळी असते. चावून चूळ भरायची, जिथे घाण राहिली तिथे रंग बसतो. भिंगरीच्या तोंडात रंग बसला नाही अशी जागाच नव्हती.

भिंगरीने तिच्या आईला सगळं सांगितलं, ओळीने. पक्कड, घासणी, बेसिन, टॉफी आधी का देतात ते, नळ सोडून ब्रश ओला कसा करतात ते. अभिमानाने सांगत होती पोर.

डॉक्टरीण शांत बाई. कान धरून बसलेल्या मदतनीस बाईला तिने पाणी दिलं. मग मला म्हणाली, आजी, तुमचा गाल बघू. म्हटलं हवा लागली आहे. म्हणाली, बसा. बसले. मला पण ती गोळी दिली. आरसा पुढे धरला. आरशात एक म्हातारी, तिच्या वीस दातांत एकही दात पांढरा नाही. मी म्हटलं, आरशात डाग आहे.

तिने बोट आत घातलं, डावीकडे खाली. त्या दाढेला लागलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं.

दात लागला तिला.

लेक म्हणते दात लागला नाही, तू चावलीस, दोघींनी मिळून तुझा जबडा सोडवला. रबरी मोजा फाटला, आतून रक्त. ह्या वेळी खरं. भिंगरी खुर्चीजवळ येऊन मला हळूच म्हणाली, आजी, चावणारं माणूस आपल्याला चालत नाही ना.

दाढ काढली. एकोणीस.

१२ ऑक्टोबर, रविवार

लेकीने सकाळी फॉर्म भरला. जेवायच्या टेबलावर, माझ्यासमोर. एका ठिकाणी विचारलं होतं, मुलाला आधी कोण सांभाळत होतं. तिने पेन थांबवलं. मग आजी असं लिहिलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी ३

साडेसहाला दोघी गेल्या. भिंगरी अर्धवट झोपेत, माझ्या हातावर डोकं ठेवून चपला घातल्या.

घर एकदम धड आहे. काही फुटलेलं नाही. हे पेपर वाचतात, मध्येच बेसिनकडे बघतात. मग अचानक म्हणाले, फार शांत आहे. आपणहून बोलले.

मनगटावरचं निळं पिवळं झालंय. अंगठ्यावरचा ठसा पण पुसट होत आला. मी दोन-तीनदा बघितला.

आज लिहून टाकते. चौथीतल्या बाईंना मी चावले होते. चांगला घट्ट चावा घेतला होता, त्यांनी कान सोडला तरी मी सोडलं नव्हतं.

२० ऑक्टोबर, सोमवार. रात्री ८.१५

लेकीने नवीन कार्ड आणलंय. पुन्हा ऐंशी चौकोन, पण वर नाव माझं. हे कार्ड भरलं तर भिंगरी परत घरी, असं ठरलंय. फुली मारायचं पेन भिंगरीकडे. ती पाळणाघरात आठ दिवसांत घासायला शिकली, आणि वर दुसऱ्याचे कसे घासून घ्यायचे तेही शिकली.

मी रोज दार लावते, नळ सोडते, ब्रश ओला करते. ती बाहेर स्टुलावर बसलेली. तोंड पुढे कर म्हणते, हुंगते, परत आत पाठवते. पहिल्या दिवशी मी तिचा हात झटकला, तर म्हणाली, आजी मला तुला मारायचं नाही, पण मला घरी यायचं आहे.

सात दिवस झाले. चौदा चौकोन. फुल्या दोन.

दुसरी आजची. तिने एका हाताने माझी हनुवटी धरली, दुसऱ्या हाताने ब्रश, अगदी मागे, काढलेल्या दाढेच्या खड्ड्यापर्यंत. दुखलं. तिचं बोट माझ्या दातांत होतं. घड्याळात दोन मिनिटं पूर्ण झाली.

मी चावले नाही.